मानापमानच्या चाली लावणारा पेटीवाला

2025 च्या जानेवारीत, 1911 च्या संगीत नाटकावरून केलेला 'संगीत मानापमान' हा नवा सिनेमा आला आणि माझ्या क्लासातल्या मुलांच्या तोंडी अचानक त्यातल्या नायक-नायिकेची, धैर्यधर आणि भामिनी, ही नावं आली. मला मनापासून आनंद झाला. ज्या मुलांना मी महिनोन्महिने नाट्यपदं शिकवत होते आणि जी ती 'आज्जीची गाणी' म्हणून वाजवत होती, तीच आता घरी जाऊन जुनी ध्वनिमुद्रणं शोधायला लागली. मग प्रश्न आले. बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मूळ गाणी बालगंधर्वांनी कंपोज केली होती ना?" दुसऱ्याने दुरुस्ती केली, "नाही, खाडिलकरांची आहेत." दोघेही हुशार आहेत, वाचतात, शोधतात. तरी दोघांनाही त्या गाण्यांना चाली लावणारे गोविंदराव टेंबे माहीत नव्हते. आणि आम्ही कोल्हापुरात बसलो होतो! इथल्या देवल क्लबात, म्हणजे आमच्या जुन्या गायन संस्थेत, टेंब्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, त्यात यातल्या निम्म्या मुलांनी वाजवलंय.

त्या मुलांना मी जे सांगितलं ते इथे जरा विस्ताराने लिहिते. मी स्वतः पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवते, नाट्यसंगीताची साथ करते, म्हणून माझं सांगणं पेटीच्या बाजूने असणार, हे आधीच सांगून ठेवते. पण टेंब्यांकडे त्याच बाजूने बघायला हवं असं माझं ठाम मत आहे. चाली लावणारे, नायकाच्या भूमिका करणारे, कंपनीचे मालक, नाटककार, बोलपटाचे नायक, संगीतावर लिहिणारे, हे सगळं ते होऊन गेले. पण त्या सगळ्याच्या मुळाशी दुसऱ्याचं गाणं कान देऊन ऐकणारा साथीदार आहे.

5 जून 1881 चा त्यांचा जन्म, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. त्यांचं लहानपण आणि तरुणपण ज्या कोल्हापुरात गेलं ते आजच्यासारखं नुसतं कुस्तीचं आणि तांबड्या रश्श्याचं म्हणून ओळखलं जाणारं नव्हतं. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणलं होतं. देवल क्लबात बाहेरगावचे गवई येत, बैठकी होत. पेटी शिकवायला त्या काळी कुणी मोठा उस्ताद नव्हता. हे वाद्य तसं आपल्याकडे नवंच. मोठे गवई तिच्याकडे नाक मुरडत. टेंब्यांनी हात बसवला तो ऐकून ऐकून. पुढे ते नामवंत गवई भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसू लागले, आणि माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण तिथे झालं.

साथ म्हणजे काय, हे जरा उलगडून सांगते, कारण बाहेरून ते कळत नाही. गवई पुढे, तुम्ही बाजूला. तो कुठल्या स्वरावर जाणार हे त्याने गायच्या आधी क्षणभर तुम्हाला कळायला हवं. नाहीतर तुम्ही सारखे मागून धावत राहता. तो श्वास घेतो तेव्हा तुम्ही सूर भरून धरायचा. तो परत आला की तुम्ही बाजूला व्हायचं. भास्करबुवांसारखा गवई म्हणजे तीन-तीन घराण्यांची तालीम पचवलेला माणूस: फैज महंमदखाँ, नथ्थनखाँ, अल्लादियाखाँ. त्यांच्या शेजारी बसून वर्षं काढली की चीज, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, नुसती पाठ होत नाही, ती आतून कशी बांधली आहे हे बोटांना कळतं. मुखडा, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरुवातीची ओळ, कुठे उचलायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुठलं अक्षर यावं, अंतऱ्याला, म्हणजे पुढच्या कडव्याला, गळा किती वेळात वर जाऊ शकतो, कुठे दम लागतो. नाटकाला चाली लावणाऱ्याला लागतं ते नेमकं हेच ज्ञान.

आता 'मानापमान'. 12 मार्च 1911, मुंबई, किर्लोस्कर नाटक मंडळी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे पहिलं संगीत नाटक. खाडिलकर म्हणजे 'केसरी'तले, टिळकांचे, ज्यांच्या 'कीचकवधा'वर आदल्याच वर्षी सरकारने बंदी घातली होती ते. गद्य नाटकात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण पदं? त्यांना पदं रचायची सवय नव्हती. आणि चालींसाठी आले एक तिशीच्या उंबरठ्यावरचे पेटीवाले, ज्यांनी त्याआधी असं मोठं काम केलेलं नव्हतं.

त्याआधी संगीत नाटकात काय होतं? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल', 'सौभद्रा'त साक्या, दिंड्या, कामदा अशी जुनी वृत्तं, कीर्तनातल्या, लावणीच्या वळणाच्या चाली, काही कानडी चाली. गोड, सोप्या, आणि पदांचा भरणा पुष्कळ. संवादच गात गात पुढे जायचा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या. टेंब्यांनी हात घातला तो ख्याल आणि ठुमरीच्या खजिन्यात. मुंबईत तेव्हा पूरबकडच्या गाणाऱ्या बायकांच्या बैठकी होत. गायिका गौहरजानच्या रेकॉर्डी घरोघर वाजत. ठुमरी, दादरा, कजरी, होरी, त्यातली ती लाडिक मुरड, तो अर्ध्यावर सोडलेला शब्द. टेंब्यांनी हे सगळं उचललं आणि भामिनीच्या तोंडी दिलं.

ही निवड मला विलक्षण वाटते, आणि ती नुसत्या 'नव्या गोड चाली' म्हणून नाही. नाटकाची गोष्ट बघा. भामिनी श्रीमंताची मानी मुलगी. धैर्यधर शूर पण गरीब, म्हणून ती त्याला झिडकारते, आणि मग साध्या वनमालेच्या वेषात त्याच्या छावणीत जाते. म्हणजे ही बाई बोलते एक आणि तिच्या मनात असतं दुसरंच. ठुमरीची सगळी ताकद याच जागेत आहे: तोच शब्द चार वेळा म्हणायचा आणि दर वेळी वेगळ्या स्वरावरून त्याचा अर्थ हलवायचा. साकी-दिंडीत हे होत नाही, तिथे गोष्ट पुढे पळते. टेंब्यांनी भामिनीला दुसरी वाट दिली. ती एका शब्दावर थांबू शकली. आणि ती भूमिका करणारा गळा होता बालगंधर्वांचा, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. हा गळा काय करू शकेल, हे साथीदाराच्या कानाने टेंब्यांनी आधीच ओळखलं असणार असं मला नेहमी वाटतं.

आमच्या क्लासात 'नाही मी बोलत' हे पद शिकवताना मी पहिल्या दिवशी मुलांना फक्त मुखडा देते. गायला नाही, पेटीवर. सगळी मुलं पहिल्यांदा तो सलग वाजवून मोकळी होतात, आणि मग माझ्याकडे बघतात की झालं ना. मग मी सांगते, आता तोंडाने शब्द म्हणत वाजवा. शब्द म्हणायला लागलं की हात आपोआप अडतो. 'नाही' म्हटलं की तिथे जरा थांबावंसं वाटतं, कारण रुसलेलं माणूस 'नाही' म्हणून थांबतंच, समोरचा काय म्हणतो ते बघतं. त्या थांबण्याला चालीत जागा ठेवलेली आहे. तिथे पेटीने काही भरायचं नाही, भाता नुसता हलका जिवंत ठेवायचा. आमचे गुरुजी त्या जागेवर माझ्या मनगटावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "इथं तू गप. इथं ती बोलत न्हाई म्हंत्या." मी तेव्हा परकर-पोलक्यात होते, मला वाटायचं गुरुजी उगाच हात अडवतात. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर मी तसंच बोट ठेवते. चाल लावणाऱ्याने मोकळी सोडलेली जागा ओळखता येणं हे पेटीवाल्याचं निम्मं काम आहे, आणि ज्याने ती जागा सोडली तो स्वतः पेटीवाला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पेटीवर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही, कण घेऊन, भात्याचा दाब कमी-जास्त करून तो भास निर्माण करावा लागतो. अशा वाद्यावर विचार करणारा माणूस चालीतल्या फोडींचा, थांबण्यांचा, उचलण्यांचा विचार इतरांपेक्षा जास्त बारकाईने करतो असा माझा अनुभव आहे.

खाडिलकरांच्या शब्दांबद्दल लोक कुरकुर करतात. 'युवती मना दारुण रण रुचिर प्रेमसे झाले' या ओळीतलं 'प्रेमसे' ऐकून भाषेच्या शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. मला ती ओळ प्रिय आहे. चाल आधी, शब्द नंतर, अशी ती रचना. हिंदी चिजेत जिथे जी मात्रा, जो उकार-आकार होता, तिथे तसाच बसणारा मराठी शब्द हवा. मराठीला जोडाक्षरं फार, चिजेला ती चालत नाहीत. तान फिरवायला मोकळा स्वर लागतो. 'दारुण रण' म्हणून बघा, ते 'ण' कसे एकामागोमाग ठोका दिल्यासारखे येतात! अर्थ नंतर लागतो, पण लढाई आधी ऐकू येते. नाटककाराने आपल्या शब्दांचा हट्ट सोडून चालीला वाट करून दिली, आणि तीही चाल कुणा बुजुर्गाची नसून एका तरुण पेटीवाल्याची. खाडिलकरांचा हा मोठेपणा मला त्यांच्या अग्रलेखांइतकाच आदराचा वाटतो.

पहिल्या प्रयोगाची हकिगत मराठी माणसाला माहीत असतेच: त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ती हकिगत मी मुलांना सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो. त्या दुःखातही त्या रात्री ते गायले, आणि गायले ते लोकांनी कधी न ऐकलेल्या धाटणीचं. प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. पुढच्या सगळ्या संगीत रंगभूमीचा रस्ता त्या रात्री वळला असं मी म्हणेन. तिथून पुढे नाटकात रागदारी आली, पदं रंगवून गाणं आलं, 'वन्स मोअर' आले. त्याचे दोषही पुढे दिसले, एकेक पद अर्धा-अर्धा तास चालायचं आणि नाटक बिचारं विंगेत वाट बघत उभं. पण त्याचा बोल टेंब्यांना लावू नये. त्यांच्या मूळ चाली आटोपशीर आहेत, मुखडा आणि अंतरा नेटका बांधलेला.

त्यानंतरची वर्षं भराभर पुढे जातात. 1913 साली खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'लाही टेंब्यांच्याच चाली. त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तिघांची भागीदारी. टेंबे आता मालक झाले, आणि नायकही. 'मानापमाना'तला धैर्यधर, 'विद्याहरणा'तला कच अशा भूमिका ते करू लागले. म्हणजे ज्या पदांच्या चाली त्यांनी स्वतः लावल्या, तीच पदं बालगंधर्वांसमोर उभं राहून गाऊ लागले. हा प्रवास मला अंगावर काटा आणणारा वाटतो. साथीला बसलेल्या माणसाला मान खाली घालून, गवयाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत काम करायची सवय असते. त्याने उठून तोंडाला रंग लावायचा, तलवार कमरेला लावायची आणि भर दिव्यांत उभं राहायचं, तेही ध्वनिक्षेपक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत. मी आयुष्यभर रंगमंचाच्या कडेला बसले आहे, मला ते अंतर किती आहे ते माहीत आहे. पाच पावलं असतील, पण ती पाच पावलं टाकायला वेगळी छाती लागते.

काही वर्षांत ते गंधर्व मंडळीतून बाहेर पडले आणि स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. कंपनी चालवणं म्हणजे काय ते नाटकवाल्यांना विचारा: पन्नास-शंभर माणसांचं बिऱ्हाड, रोजची पंगत, पडदे, कपडे, रेल्वेचे डबे, पावसाळ्यात बंद पडलेले खेळ. शिवराज फार वर्षं टिकली नाही. या काळात आणि नंतर त्यांनी स्वतः नाटकंही लिहिली, 'पटवर्धन', 'वरवंचना', 'तुलसीदास'. 'तुलसीदासा'तलं 'मन हो राम रंगी रंगले' हे पद आज लोक भीमसेनजींचं म्हणून ओळखतात. इकडे गंधर्व मंडळीत 1916 साली 'स्वयंवर' आलं, भास्करबुवांच्या चालींचं, आणि त्याने धुमाकूळ घातला. गुरुस्थानी असलेल्या माणसाने आपल्याच रस्त्यावर आपल्यापुढे जाऊन दाखवावं, हे टेंब्यांना कसं वाटलं असेल? मला वाटतं आनंदच झाला असेल. भास्करबुवांबद्दल त्यांनी जे लिहिलंय त्यात भक्तीशिवाय दुसरं काही सापडत नाही.

आता 8 जुलै 1921. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दोन राजांनी एकत्र येऊन केलेला संयुक्त 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. मराठी रंगभूमीच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली रात्र. तिकिटाचे दर ऐकून लोक आजही तोंडात बोट घालतात. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आमच्या डोळ्यांदेखत जळालं. शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली, मीही त्यात होते. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस आम्ही साथीदार मंडळी भेटलो की पहिल्यांदा त्या रंगमंचावर वाजवलेल्या पदांबद्दलच बोलायचो, आणि त्यात 'मानापमान'ची पदं नाहीत असा माणूस नव्हता.

त्या संयुक्त प्रयोगाच्या हकिगती मी वाचल्या आहेत, ऐकल्या आहेत. कोण जिंकलं, कुणाला किती 'वन्स मोअर', कुणाचा शालू, कुणाचा जिरेटोप. दोन्ही राजे ज्या चालींवर ती रात्र लढले त्या चाली लावणाऱ्याचं नाव त्या गोष्टीत कुणी घेत नाही. दहा वर्षांत त्या चाली इतक्या सर्वांच्या झाल्या होत्या.

पुढे मास्टर दीनानाथांनी बलवंत संगीत मंडळीत 'मानापमान' केलं आणि धैर्यधराची पदं आपल्या गळ्याने पार वेगळी उभी केली. तो चमकता, झेप घेणारा, पंजाबी वळणाचा आवाज. आरभी रागातलं 'चंद्रिका ही जणू' त्यांच्या ध्वनिमुद्रणात ऐका, अक्षरशः वीज आहे. मग वसंतराव देशपांड्यांनी त्यावर आपली छाप टाकली. म्हणजे आज आपल्या कानावर येतं त्यात टेंबे किती, दीनानाथ किती, वसंतराव किती हे सोडवत बसावं लागतं. मला हे सोडवायला आवडतं. दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावायची आणि मुखडा धरून बसायचं. गायक तानांत कुठेही जावो, परत येताना ज्या पायरीवर पाय ठेवतो ती पायरी मूळ रचनाकाराची असते.

आणि मग बोलपट. टेंबे पन्नाशीचे, संगीत नाटकाचे चांगले दिवस सरत आलेले, आणि कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी बोलपट काढायला निघालेली. 1932 चा 'अयोध्येचा राजा', दिग्दर्शक व्ही. शांताराम. राजा हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे, संगीतही टेंब्यांचंच. आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना मराठी बोलपट हाच. त्यानंतर लगेच 'माया मच्छिंद्र', त्यातही मच्छिंद्रनाथ तेच. 'सैरंध्री'चं संगीतही त्यांचं.

पार्श्वगायन तेव्हा नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचं, वाजवणारे चौकटीबाहेर बसायचे, माइक सगळ्यांच्या डोक्यावर. पडद्यावर ओठ हलतात आणि गळ्यातून सूर येतो तो त्याच क्षणाचा. 'अयोध्येचा राजा' मी मुलांना दाखवला तेव्हा पहिली दहा मिनिटं ती चुळबुळत होती. अभिनय नाटकी, चेहऱ्यावर रंग जाड, प्रत एके ठिकाणी खरखरते. मग हरिश्चंद्र गायला लागला आणि माझी ती बारावीतली मुलगी पुढे सरकून बसली. आवाज काही मोठा नाही. बालगंधर्वांचं लाघव नाही, दीनानाथांची झेप नाही. पण स्वर जिथे ठेवायचा तिथेच ठेवलेला, शब्द स्वच्छ, आणि एकही जागा दाखवण्यासाठी घेतलेली नाही. थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी गायची आयुष्यभराची सवय असलेल्या माणसाने माइकसमोर आवाज आवरता घेतलाय. हे सोपं नाही हो. त्या काळचे कितीतरी नाट्यगायक माइकसमोर ओरडले. टेंबे ओरडले नाहीत, कारण ते मुळात साथीदार. समोर जे आहे ते ऐकून त्याप्रमाणे आपला आवाज ठेवायचा, हा त्यांचा जन्माचा धर्म.

एक गोष्ट मला अजून डाचते. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिचे सूर ठरलेले, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, निघत नाहीत, हे आपल्या संगीताला शोभत नाही असं कारण. 1971 पर्यंत ती बंदी चालली. म्हणजे टेंब्यांच्या हयातीतली शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य रेडिओवर निषिद्ध होतं. ज्या वाद्यापाशी बसून 'मानापमान' बांधलं गेलं, ते वाद्य! त्या माणसाने भास्करबुवांसारख्या गवयाला साथ केली होती, त्याला कुणी श्रुती शिकवाव्यात? पेटीला मर्यादा आहेत, त्या आम्हा पेटीवाल्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहेत. पण मर्यादा ओळखून वाजवणारा आणि न ओळखता बडवणारा यांच्यातला फरक करायचा सोडून सगळ्यांनाच दाराबाहेर उभं केलं, हा अन्याय होता.

त्या उत्तरायुष्यात ते लिहीत राहिले. 'माझा संगीत व्यासंग' 1939 चं, 'माझा जीवनविहार' त्यानंतर काही वर्षांनी आलेलं. अल्लादियाखाँसाहेबांवरही त्यांनी लिहिलं. त्यांच्या लिहिण्यात मला त्यांची साथच दिसते. स्वतःबद्दल लिहितानाही पान-पानभर दुसऱ्याचंच गाणं चालू असतं: कुणी कसा षड्ज लावला, कुणाची तान कशी उतरली. संगीत शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने ही पुस्तकं वाचावीत असं मी म्हणते, आणि मराठी जरा जुन्या वळणाचं आहे म्हणून कुणी घाबरू नये. चार पानांत सवय होते. 9 ऑक्टोबर 1955 ला ते गेले.

आता माझी तक्रार, आणि ती मी प्रेमाने करते आहे. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात निवेदक म्हणतात, "आता ऐकूया बालगंधर्वांचं पद." गायक म्हणतात, "मी वसंतरावांचं म्हणणार आहे." मध्येच कुणी खाडिलकरांचं नाव घेतो. गाणाऱ्याचं नाव घ्यावंच, त्यांनी ते पद जिवंत ठेवलंय. पण भावगीताच्या कार्यक्रमात संगीतकाराचं नाव घेतल्याशिवाय आपण पुढे जात नाही, आणि नाट्यपदाला मात्र संगीतकारच नसल्यासारखं वागतो. जणू त्या चाली कुठे रानात उगवल्या होत्या. मी साथीला बसते त्या कार्यक्रमात आता निवेदकाच्या हातात आधीच एक चिठ्ठी देते: पद, नाटक, साल, शब्द कुणाचे, चाल कुणाची. बहुतेक जण आनंदाने वाचतात. एका गावातल्या निवेदिकेने तर पुढच्या कार्यक्रमाआधी स्वतःच फोन करून विचारलं, "ताई, 'स्वयंवरा'चं काय लिहू?"

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी आधी बालगंधर्वांच्या आवाजातलं 'नाही मी बोलत' ऐकावं, मग 'मला मदन भासे'. ध्वनिमुद्रण जुनं आहे, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलेलं, पण दोन-तीनदा ऐकलं की खरखर मागे पडते. त्यानंतर दीनानाथांचं 'चंद्रिका ही जणू'. मग शेवटी 'अयोध्येचा राजा' बघा, आणि टेंबे स्वतः गातात तिथे डोळे मिटून फक्त मुखडा धरा. पेटी शिकणाऱ्यांनी तो मुखडा काळी एकवर, शब्द म्हणत, हळू वाजवून बघावा आणि पुढच्या शनिवारी क्लासात येताना तयार करून यावा. या वेळी मी कुणालाच आधी वाजवून दाखवणार नाही.